ब्रेकमधली हवा

आमची गाडी पासिंगला नापास झाली तेव्हा टीनाला हसू आले. मुले नापास होतात हे तिला ठाऊक होते. गाडीही होते, हे तिला नवीन होते.

"कोणत्या विषयात, आबा?"

"ब्रेकमध्ये."

"आन् बाकीचे विषय?"

"काठावर पास."

तपासणाऱ्या साहेबांनी पेडल दाबले तेव्हा ते थेट खालच्या पत्र्यापर्यंत गेले होते. "गुरुजी, तुमची गाडी थांबत नाही, थकते," ते म्हणाले आणि रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. सोमवारी पुन्हा दाखवायला सांगितले. तेव्हाही तेच झाले, तर पंधरा वर्षे उलटलेली ती गाडी भंगारात जाणार होती.

हसत हसत घरी आलो खरा, पण आत भीती बसली होती. टीना माझी नात, नऊ वर्षांची. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत आहेत आणि ती आमच्याजवळ राहते. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखते. थंडीत जास्त दुखते. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, हातपाय दुखले तर गोळी द्या, पाणी पाजा, उबेत ठेवा. छातीत दुखले तर मात्र वाट पाहू नका, सरळ भंडाऱ्याला आणा. आमच्या गावातून एसटी आहे, पण दुखणे एसटीची वेळ पाहून येत नाही. म्हणून ती गाडी.

वरठीचा डोमा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. तो मोटारसायकलवर घरी आला. अंगणातच त्याने मागचे डावे चाक उतरवले आणि आतले ओले, काळे झालेले रबर मला दाखवले.

"इथून तेल गळून राहिलं, गुरुजी. पण एवढंच नाही. चारही चाकांचं काम काढा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदला. सामान नागपूरहून येईन."

"स्वस्तात काही होत नाही?"

"स्वस्तात हे एवढं रबर बदलतो आन् देवाचं नाव घेऊन चालवा."

"मी देवाचं नाव घेत नाही, डोमा."

"तेच तर म्हणून राहिलो. मंग पुरं काम करा."

पण सामान सोमवारच्या आत येणार नव्हते. शेवटी रबरच बदलायचे ठरले. ते बदलून झाले, चाक बसले, आणि तेवढ्यात त्याला फोन आला. कोणाचा तरी धानाने भरलेला ट्रॅक्टर मंडीच्या वाटेवर बंद पडला होता. हत्यारे गोळा करता करता तो म्हणाला, "ब्रेकमधली हवा काढाची बाकी आहे. सकाळी येतो. तवर गाडीले हात लावू नका."

संध्याकाळी टीनाने विचारले, "ब्रेकमध्ये हवा कशी जाते? अन् गेली तर काय होते?"

असा प्रश्न कोणी विचारला की मला बसवत नाही. मी सुया काढलेल्या दोन सिरिंज घेतल्या, मधे सलाइनच्या नळीचा तुकडा जोडला आणि सगळे पाण्याने भरले. एका बाजूचा दट्ट्या तिने दाबला की दुसऱ्या बाजूचा तेवढाच बाहेर येई. मग मुद्दाम आत हवेचा एक बुडबुडा सोडला. आता तिने दाबले तरी दुसरा दट्ट्या जागचा हलेना.

"बुडबुडाच दबून राहिला," ती म्हणाली. "माझा जोर तोच खाऊन राहिला."

"बस, हेच. पाणी दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर हवेने खाल्ला की चाकापर्यंत काही पोचत नाही."

तिने ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. सत्यभामा, म्हणजे माझी बायको, चुलीजवळून ओरडली की पाणी सांडू नका, पोरीच्या पायाले गार लागते.

सकाळी टीना शाळेत गेली. डोमा आला नाही आणि फोनही उचलेना. मी दहापर्यंत वाट पाहिली. मग मला वाटले, विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले, एवढे मला येणार नाही? ब्रेकचे तेल होते, पाना होता. हवा काढायला दोन माणसे लागतात: एक पेडलवर, दुसरे चाकामागे. सत्यभामाला सीटवर बसवले आणि मी चाकामागे जमिनीवर आडवा झालो. तेल ज्या बारीक नटातून बाहेर येते त्याला लावायला नळी हवी होती. सलाइनच्या नळीचा तुकडा त्यावर बसेना, म्हणून खाली डबा ठेवला.

"मी 'दाब' म्हटलं की दाब. 'सोड' म्हटलं की सोड."

"एवढंच?"

"एवढंच."

मी 'दाब' म्हणालो की नट ढिला करायचो. तेल फुसफुसत येई, मी नट आवळायचो आणि 'सोड' म्हणायचो. चारही चाके केली. तरी तेलाबरोबर बुडबुडे येतच होते. ते का थांबत नाहीत हे मला कळेना. शेवटी एकदा नुसते तेल आले आणि मी त्यावर समाधान मानले. आत बसून चार-पाच वेळा पेडल मारले, ते टणक लागले. बुद्धविहारापर्यंत गाडी नेली, तिथे थांबवली आणि परत आणली.

"थकली नाही," मी म्हणालो.

"तुमी थकले," सत्यभामा म्हणाली. "हात धुवा, जेवाले बसा."

जेवण अर्धे झाले असताना शाळेतून फोन आला.

टीना वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसली होती. रडत असती तर मला बरे वाटले असते. ती गप्प होती. अर्धा श्वास घ्यायची आणि मधेच थांबायची.

"कुठं दुखते, बेटा?"

तिने छातीवर हात ठेवला.

तिला उचलून घरी आणले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या गावाला गेली होती, यायला तास-दीड तास लागेल असे सांगितले. शेजारची जीप लग्नाच्या वऱ्हाडात होती. सत्यभामाने टीनाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर आडवे केले, स्वतः तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि पाण्याची बाटली उघडली. मी चावी फिरवली.

गावाबाहेरच्या वळणावर पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा पेडल सकाळपेक्षा खाली गेले. मनाशी म्हटले, भास असेल. पुढच्या गतिरोधकावर ते आणखी खाली गेले आणि पायाखाली ओल्या कणकेत बोट घालावे तसे मऊ लागले. गाडी धडाधडा गतिरोधकावरून गेली. टीना कण्हली.

"हळू ना," सत्यभामा म्हणाली.

मी हो म्हणालो. दुसरे काय सांगणार? आतला बुडबुडा मला डोळ्यांसमोर दिसत होता. मी जोर लावत होतो आणि तो खात होता. मी गिअर खाली घेतला आणि ब्रेकची गरज पडण्याआधीच दोन-तीनदा पेडल मारून ठेवायचे असे ठरवले. दोन वेळा ते जमले.

मग समोर धानाची पोती भरलेली ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाल्याने खड्डा चुकवण्यासाठी एकदम वेग कमी केला. मी पेडल दाबले, ते पत्र्याला टेकले. पुन्हा दाबले, पुन्हा टेकले. पोत्यांची शिवण मला स्पष्ट दिसू लागली. उजवीकडून ट्रक येत होता, तिकडे जाता येत नव्हते. मी पेडल मारत राहिलो आणि हँडब्रेक पूर्ण वर ओढला. गाडी तिरपी होऊन फरपटली आणि थांबली. ट्रॉलीचा मागचा फाळका बॉनेटपासून इतका जवळ होता की मधे माझी छत्री बसली नसती. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलेही नाही, तो पुढे निघून गेला.

आरशात सत्यभामाकडे पाहिले तेव्हा कळले, तिला सगळे कळले आहे.

"ब्रेक नाही लागून राहिला," मी म्हणालो.

"मंग काहून निघालो आपण?"

मी मागे वळून पाहिले. टीनाचे ओठ कोरडे पडले होते आणि श्वास अजून तुटक होता. असेच पुढे जायचे तर वरठीतून जावे लागणार. घड्याळ पाहिले. कारखान्याची पाळी सुटायची वेळ झाली होती. त्या वेळी रस्ता सायकलींनी आणि मोटारसायकलींनी भरून जातो. माणसे गप्पा मारत, हँडलला डबे अडकवून, गाडीच्या अगदी पुढून आडवी जातात. त्यांच्यात ही गाडी घालायची? आणि नाही घातली, तर या पोरीचे काय?

मी गाडी कडेला, बाभळीखाली घेतली. डिक्कीत पाना आणि तेलाची बाटली होती.

"पुढे ये, पेडलवर बस," मी सत्यभामाला म्हणालो. "पुन्हा हवा काढतो. दहा मिनिटं लागतील."

"पोरीले इथं ठेवून?"

"ती तुझ्या मागेच आहे. दुसरं काही सुचत नाही मला."

ती पुढे आली. मी मातीत आडवा झालो.

"दाब."

तेल आले, बुडबुडे आले. नट आवळला. "सोड." पुन्हा 'दाब'. पुन्हा बुडबुडे. जितके बाहेर येत होते तितकेच आत जात असल्यासारखे. माझा हात तेलाने निसरडा झाला होता, पाना सटकत होता. बाटलीतले तेल कमी होत चालले होते आणि दुसरी बाटली नव्हती. मागच्या सीटवरून एक बारीक कण्हणे ऐकू येत होते आणि मग ते थांबले. मला सगळ्यात जास्त भीती त्या थांबण्याची वाटली.

"टीना," मी हाक मारली.

"आबा." आवाज अगदी बारीक होता. "आजी पाय लवकर उचलून राहिली."

"काय?"

ती पुढच्या दोन सीटांच्या फटीतून पाहत होती. एकेक शब्दावर थांबत ती म्हणाली, "तुमी सोड म्हणाच्या आंधी. सोडला का... हवा आत ओढते."

मी उठलो आणि दाराशी गेलो. "एकदा दाबून दाखव."

सत्यभामाने दाबले. पाय खाली गेला आणि लगेच वर आला. दाबणे संपण्याच्या आधीच तो वर निघाला होता.

"तू धरत नाहीस?"

"धराचं कायले? दाबलं का सोडाचं. ढेकीवर आयुष्यभर तेच केलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या माहेरी ढेकी होती. लाकडी लांब दांड्याच्या शेपटीवर पाय देऊन धान कांडायची ढेकी. दाबले की तोंड वर उचलले जाते, पण घाव बसतो तो पाय सोडल्यावर. जो पाय धरून ठेवतो तो काहीच कांडत नाही. लहानपणापासून तिच्या पायाला हेच शिकवलेले होते आणि मी तिला फक्त 'दाब' आणि 'सोड' एवढेच सांगितले होते. नऊ वर्षांच्या मुलीला सिरिंज घेऊन समजावले, पण जिच्या पायावर सगळे अवलंबून होते तिला काहीच नाही.

"ऐक," मी म्हणालो. "ढेकीत काम पाय सोडल्यावर होते. इथं पाय धरून ठेवल्यावर होते. मी नट आवळेपर्यंत पाय तिथंच राहिला पाहिजे. वर आला की नटातून हवा आत जाते."

"हे सकाळी सांगाचं होतं."

"हो."

"जा आता, नुसते उभे राहू नका. पोरगी पाहा कशी झाली."

पुन्हा आडवा झालो. 'दाब.' 'धर.' नट ढिला केला, तेल आले, आवळला. 'सोड.' दुसऱ्या वेळी बुडबुडे कमी आले. चौथ्या वेळी नुसते तेल. प्रत्येक चाकाला तेच केले. बाटलीच्या तळाशी बोटभर तेल उरले तेव्हा थांबलो. आत बसून एकदाच पेडल दाबले. अर्ध्यावर जाऊन ते दगडासारखे थांबले.

वरठीत खरोखरच पाळी सुटली होती. आमच्या पुढून एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता, फोनवर बोलत. मी दाबले, गाडी थांबली. तो गेला. नंतर दुसरा आला, नंतर तिघे एकत्र. प्रत्येक वेळी गाडी थांबली आणि प्रत्येक वेळी मला वाटले, आता नाही थांबणार. सत्यभामा मागे मोजक्या शब्दांत टीनाशी बोलत होती, पाण्याचा घोट पाजत होती.

रुग्णालयात टीनाला लगेच आत नेले. तोंडावर ऑक्सिजन लावला, हाताला सलाइन लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणली." मी विचारले, वेळेवर म्हणजे किती? त्या सलाइनचे थेंब मोजू लागल्या.

मी बाहेर आलो. गाडी दारातच तिरपी उभी होती आणि पहारेकरी वैतागला होता.

"बाबाजी, हटवा ही. मागं रुग्णवाहिका उभी आहे."

मी दार उघडून आत बसलो. चावी होती. पाय पेडलवर ठेवायला गेलो आणि तो तिथे जाईना. मातीने माखलेला, तेलाचे डाग पडलेला पाय. मला ती पोत्यांची शिवण दिसली. मी खाली उतरलो.

"ढकलावं लागन," मी म्हणालो.

"स्टार्टर नाही लागत का?"

"लागते."

"मंग?"

मी हँडब्रेक सोडला. त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मग त्याने काठी भिंतीला टेकवली, चहाच्या टपरीवरच्या दोघांना हाक मारली आणि मागे हात लावला. मी बाहेरून स्टिअरिंग धरून चालत होतो. गाडी भिंतीशी गेली तेव्हा हँडब्रेक ओढला, तरीही चाकाखाली वीट लावली.

सत्यभामा बाहेर आली तेव्हा मी विटेजवळच उभा होतो.

"झोपली," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणे, दोन दिवस ठेवतो."

"सोमवारी पासिंग आहे," मी म्हणालो.

"मालूम आहे." ती गाडीकडे पाहत होती. "डोमाले सांगा, सामान मागव म्हणा. पुरं."

"आणि सोमवार?"

"सोमवारी मी टीनाजवळ राहीन. तुमी एसटीनं जा, त्या साहेबाले पुढची तारीख मांगा. ही गाडी घेऊन जाऊ नका."

मी खिशातून चावी काढून तिच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि आत टीनाजवळ गेली.