त्रिग्लाववर गेलेली पोतित्सा

जावई घरात येऊन वर्ष झालं नाही, तोच त्याला स्लोव्हेनियन करून घ्यायची तयारी सुरू झाली. रविवारचं शेवयांचं सूप संपलं होतं, मी ताटल्या उचलत होते, आणि माझ्या नवऱ्याने, ब्लाझने, टेबलावर डोंगराचा नकाशा पसरला. सांडलेल्या सुपावर. आधी पुसावं हे त्याच्या डोक्यात येणारच नाही, पुसणारी मागे उभी होती ना.

"तर योरिस," ब्लाझ म्हणाला, "त्रिग्लाव चढला नाहीस तोवर तू इथला नाहीस. कायदाच आहे तो आमचा."

कायदा-बियदा काही नाही, पण बोलतात सगळेच. राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध उभा असलेला तो तीन डोक्यांचा डोंगर जो चढला, तोच खरा स्लोव्हेनियन. झेंड्यावरसुद्धा तोच डोंगर. पहिल्यांदा माथ्यावर पोचलेल्याला वाकवतात आणि आधी जाऊन आलेले त्याच्या ढुंगणावर दोराचे फटके देतात. तो बाप्तिस्मा. फटके खाल्ले की माणूस आपला.

योरिस हॉलंडचा. त्याच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची पायरी, असं आमची लेक नेझाच सांगते. पोरगा चांगला आहे, स्वतःची ताटली स्वतः उचलतो, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. पण हा काल आलेला माणूस या उन्हाळ्यात आमचा होणार, आणि याच खोऱ्यात जन्मलेली मी अजून दारातच उभी.

"जुलैच्या शेवटी जायचं," नेझा म्हणाली. "वरच्या मुक्कामघरात तीनच खाटा मिळाल्यात. बाबा, मी आणि योरिस. बाकी सगळं भरलंय."

मी ताटल्या बेसिनमध्ये जरा जोरातच ठेवल्या. कोणी वळून बघितलं नाही.

"दोन पोतित्सा करशील ना गं, झोरा?" ब्लाझ नकाशातून मान वर न काढता म्हणाला. "एक वाटेत, एक माथ्यावर. अक्रोड जास्त घाल. आणि माझे लोकरीचे मोजे कुठेयत?"

पोतित्सा म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला आमचा गोड पाव. लोकांच्या घरी सणावारी होतो. आमच्या घरी त्रिग्लावला जातानाही होतो, आणि करायचा मी. पहिल्यांदा वर जायचं ठरलं तेव्हा नेझा पोटात होती. मग ती अंगावर पीत होती. मग गाय नेमकी त्याच आठवड्यात व्यायली. मग सासऱ्यांचं आजारपण, मग सासूबाईंचा गुडघा. दर उन्हाळ्यात मी पीठ मळलं, पाव भाजला, फडक्यात बांधला, पिशव्या भरल्या, फाटकापर्यंत जाऊन हात हलवला आणि परत येऊन भांडी घासली. "पुढच्या उन्हाळ्यात तुला नक्की. डोंगर काही पळून जात नाही," हे ब्लाझचं ठरलेलं वाक्य. डोंगर आहे तिथेच आहे, मी मात्र साठीला टेकले.

चढायला जमणार नाही म्हणाल, तर या आमच्याकडे. घरामागचं कुरण इतकं उभं आहे की त्यावर यंत्र टिकत नाही. लांब दांड्याच्या विळ्याने ते गवत मी कापते आणि भारा पाठीवर घालून खाली आणते. ब्लाझला तेवढ्या चढावर हल्ली मध्ये बसावं लागतं, देखावा बघतोय असं सांगून.

योरिसने ओलं फडकं आणून नकाशाखालचं सूप पुसलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "आणि आई? आई किती वेळा वर गेला?"

"गेली, अरे," नेझा हसली. "गेलीच असेल की कधीतरी."

"ती?" ब्लाझ म्हणाला. "कितीदा तरी! तो बघ ना फोटो."

भिंतीवरच्या फोटोत माथा आहे, ब्लाझ आहे, त्याचा भाऊ आहे आणि दोराचे फटके खाऊन रडवेली झालेली शाळकरी नेझा आहे.

"यात आई नाही," योरिस म्हणाला.

"कारण फोटो तिने काढलाय."

"मी?" मी म्हटलं.

"मग कोणी? बघ, माझ्या हातात तुझ्या पोतित्सेचा तुकडा आहे की!"

तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलत असता तर परवडलं असतं, खोटं पकडता येतं. पण त्याला खरंच तसं वाटत होतं! माथ्यावर माझ्या हातचं खाल्लं, म्हणजे मी माथ्यावर होते. इतकी वर्षं हा माणूस माझ्या पोतित्सेला बायको समजत होता.

"तो फोटो कुणा वाटसरूने काढला," मी म्हटलं. "मी खाली तुझ्या आईच्या गुडघ्याला शेक देत होते. मी एकदाही गेले नाही, ब्लाझ. एकदाही. माझ्या पोतित्सा तेवढ्या पक्क्या स्लोव्हेनियन झाल्या."

नेझाचा चेहरा उतरला. "आई, खरंच? मला वाटायचं, माझ्या जन्माआधी गेली असशील."

"विचारलंस कधी?"

"अगं, मग बोलायचं नाही का?" ब्लाझचा आवाज चढला. चोर तो चोर, वर शिरजोर.

"दरवर्षी बोलले! तुझं तोंड भरलेलं असायचं."

"बरं, बरं. पुढच्या उन्हाळ्यात तुला..."

"यंदा."

"खाटा तीनच आहेत, झोरा."

"मोजता येतं मला."

"आणि आईकडे कोण बघणार?" त्याने ठेवणीतला हुकमी एक्का काढला. "तिला एकटं टाकून जायचं?"

त्याची आई, म्हणजे आमच्या सासूबाई, भट्टीजवळच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचं माझं कधी गुळपीठ नव्हतं. माझं सूप त्यांना आजवर एकदाही चांगलं लागलेलं नाही. आता या काय सुनावतात म्हणून मी मनाने कंबर कसून उभी राहिले.

"मीही गेले नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काय?" ब्लाझ गर्रकन वळला. "आई, काहीतरीच काय! बाबांच्या त्या जुन्या फोटोत..."

"माझी टोपली आहे. टोपलीत माझी पोतित्सा होती. हिच्यापेक्षा बरी व्हायची." त्यांनी डोळे उघडले. "तुझा बाप गेला, तू गेलास, तुझा भाऊ गेला. मी खालून वर बघत बसले. आता माझे पाय गेले. हिचे आहेत अजून."

माझा राग गेला नाही, उलट दुप्पट झाला, कारण आता तो दोघींचा होता. एवढी वर्षं ही बाई बाकावरून मला टोमणे मारत होती, आणि मी त्यांच्यामुळे अडकले म्हणून मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. वर माथ्यावर बसून आमच्या दोघींच्या हातचं मजेत खात होते ते वेगळेच.

"ब्लाझ," सासूबाई म्हणाल्या, "तू घरी राहशील. मला बाराला सूप लागतं. मीठ बेताचं."

"मी? अगं, पण यांना वाट कोण दाखवणार?"

"मला पाठ आहे वाट," नेझा म्हणाली. "आणि फटके मारायचा हक्कही आहे मला. आई, तुला हळू मारीन हं."

"हळू नको," मी म्हटलं. "चांगले वळ उठू देत. घरी येऊन दाखवायचेत."

सासूबाई हसल्या. त्यांना हसताना मी किती वर्षांनी बघत होते, देव जाणे.

ब्लाझने नकाशा चुकीच्या घडीवर दुमडला, पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. मला त्याची दया यायच्या बेतात होती, तेवढ्यात त्याने घसा खाकरला.

"आणि मग," तो हळूच म्हणाला, "पोतित्सेचं काय?"

"अक्रोड खालच्या फडताळात आहेत," मी म्हटलं. "जास्त घाल."