खुर्ची, केबिन, मावशी

सासऱ्यांच्या मते मी कामाला नाही, घरीच असते. म्हणून सिलिंडर, पाहुणे, मीटरवाला, सगळं माझ्याकडे. घरांच्या सजावटीचे आराखडे मी जेवणाच्या टेबलावर काढायची. मागच्या वेळी, ज्यांचं घर सजवतेय त्या पुण्याच्या साहेबांना फोनवर समजावताना कुकरची शिट्टी…

पुन्हा सांगते.

सात रस्ता चौकाजवळ एका हॉलमध्ये खुर्ची भाड्याने घेतली. पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाचा धंदा वेगळा, कानाला हेडफोन, कुणाला कुणाचं नावही माहीत नाही. पहिल्या दिवशी काम झालंच नाही, नुसती शांतता ऐकत बसले. बोलायचं तर काचेची केबिन. आज त्याच साहेबांना शेवटचं दाखवायचं होतं. या वेळी ऑफिसातून बोला, असं त्यांनी बजावलं होतं. मी केबिनचं दार…

"ज्ञानदा, हितं बसतीस व्हय?"

ईरम्मामावशी. सासूबाईंची बहीण, मैंदर्गी गावची. डोळे तपासायला आलेल्या, डॉक्टर संध्याकाळी भेटणार.

"तुझी सासू म्हणली, पोरगी नुसती बसूनच असती, तितं एसी बी हाय."

"मावशी, मला काम आहे."

"कर की. मी कुटं हात धरलाय?"

मी मॅनेजर मल्लिकार्जुनकडे बघितलं. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, हा त्याचाच नियम. मावशींनी त्याला कन्नडमध्ये विचारलं, जेवलास का. नियम संपला.

मावशींच्या पिशवीतून कडक भाकरी निघाली, शेंगाचटणी निघाली, हेडफोन उतरले. कोण कुणाच्या पाव्हण्यातला, याचा शोध सुरू झाला.

मी केबिनमध्ये. पडद्यावर साहेब. "तर ओट्याची ही बाजू…"

काचेवर टकटक. "गार पाण्याचं मशीन कुटं दाबायचं गं?"

"अजून घरीच आहात का?" साहेब.

"नाही, ऑफिसातच…"

दार उघडून मावशी आत. "तुझ्यापुरती भाकरी ठिवलीया. ही लोकं लई खात्यात."

साहेबांनी दहा मिनिटं दिली. शेवटची.

लॅपटॉप घेऊन खाली पार्किंगमध्ये पळाले. कुणाच्यातरी स्कूटरच्या तापलेल्या सीटवर तो ठेवला, उभ्यानेच ओटा, कपाटं, खिडक्या, सगळं सांगितलं. घाम डोळ्यांत उतरत होता.

"आता कसं," साहेब म्हणाले, "ऑफिसात आलात वाटतं. खर्चाचा अंदाज आजच पाठवा."

"हो."

वर आले. हॉल पुन्हा पहिल्यासारखा शांत. माझ्या खुर्चीत मावशी झोपलेल्या. मी टेबलाचा खण ओढला, तो करकरला.

मल्लिकार्जुनने ओठांवर बोट ठेवलं.