वाटून घेतलेलं पाल्हाळ

मिठाचा डबा कुठे ठेवलात एवढं विचारलं, तरी आमचे हे तो डबा लग्नात कोणी दिला तिथून सुरुवात करतात. तोवर भाजी करपते. माणूस सोन्यासारखा, लिफ्ट दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, पण एकदा तोंड उघडलं की आवरत नाही. आणि नेमकं ह्याच माणसापाशी आमच्या भाषण मंडळाचं घोडं अडलं होतं.

मंडळ दर आठवड्याला वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. चारचौघांत बोलायचा ज्याला धीर नाही तो तिथे येतो, आणि ज्याला जरा जास्तच आहे तोही येतो. आमची मुख्य संस्था दरवर्षी 'उत्कृष्ट मंडळ' असा मान देते. त्यासाठी नवे सभासद हवेत, शिवाय पाच जणांनी दहा-दहा भाषणांची मालिका पुरी करायला हवी. हा मान दरवर्षी थोडक्यात हुकायचा. यंदा मात्र सगळे इरेला पेटले. चष्मेवाल्याने डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकांना गाठून गाठून सभासद केलं. वकीलबाईंनी दोन लाजाळू माणसांना घरी बोलावून बोलतं केलं. चार मालिका पुऱ्या झाल्या. पाचवी ह्यांची. तिचं दहावं भाषण दोनदा बाद झालं होतं, आणि आता वर्षाची शेवटची बैठक तेवढी उरली होती.

बाद करणारी मीच. मी बेकरीत भट्टी सांभाळते, त्यामुळे मंडळाचं घड्याळही माझ्याकडेच आलं. पाच मिनिटांना मी हिरवं कार्ड वर करते, सात मिनिटांना लाल. हिरव्याच्या आधी संपलेलं भाषण धरत नाहीत. लाल दिसल्यावर तोंडातलं वाक्य पुरं करून बसायचं, नाहीतर तेही धरत नाहीत.

"वहिनी, यंदा लाल कार्ड जरा सावकाश उचला ना," चष्मेवाला माझ्या कानाशी पुटपुटला.

"पाव करपला की करपला," मी म्हटलं. "मी तो खरपूस म्हणून विकत नाही."

तोडगा काढला तो अध्यक्षांनी, म्हणजे खालच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी. भाषणाचा विषय होता 'कामाचा पहिला दिवस'. त्यात ह्यांच्या वस्तादांच्या मिशा यायच्या, चौथ्या मजल्यावरचा पोपट यायचा, चावणारा नवा बूट यायचा, आणि लिफ्ट दुरुस्त व्हायच्या आत लाल कार्ड यायचं.

"गोष्टी कापायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या," बाई म्हणाल्या. "एकेकाने एकेक घ्या. त्यांना जवळ बसवून पोटभर ऐका. मग भाषणात गाडी तिकडे वळली, की नुसतं बोट वर करा. म्हणजे त्यांना कळेल, ही गोष्ट दिलेली आहे."

चष्मेवाल्याने पोपट घेतला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून तो अथपासून इतिपर्यंत ऐकला. मिशा वकीलबाईंकडे गेल्या, बूट ग्रंथपालबाईंकडे.

"तुम्ही कुठली घेता?" बाईंनी मला विचारलं.

"एकही नाही. मी बारा महिने ऐकते."

तो दिवस मला पाठच होता. ह्यांचं पहिलं काम आमच्याच बेकरीच्या इमारतीत निघालं. एक सैल तार, आणि हा पठ्ठ्या दिवसभर तिच्याशी झटत बसला. वरच्या उपाहारगृहात पावांचे ट्रे पोचवायला मी जिन्याने चढउतार करत होते. संध्याकाळी गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हापासून त्या तारेवरून मी ह्यांना चिडवते, आणि हे एरवी इतके बोलतात, पण तेव्हा नुसते हसतात.

शेवटच्या बैठकीला हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. मिशा आल्या, वकीलबाईंचं बोट वर गेलं, हे पुढे सरकले. पोपट आला, बूट आला, बोटं वर गेली. भाषण सरळ धावत सुटलं आणि थेट शेवटाला येऊन थांबलं. हिरवं कार्ड अजून माझ्या मांडीवरच होतं.

खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाटून घेता घेता आम्ही ह्यांच्यापाशी काही उरूच दिलं नव्हतं. ह्यांनी एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक गोष्ट राहिली आहे," हे म्हणाले. "बायकोने एकही घेतली नाही, म्हणून ती माझ्यापाशीच राहिली."

मी घड्याळ घट्ट धरलं.

"त्या इमारतीत एक मुलगी ट्रे घेऊन जिना चढायची. कपाळाला पीठ. दर फेरीला विचारायची, झाली का हो लिफ्ट? आधी गोड आवाजात, मग तेवढ्या गोड नाही." सगळे हसले. मी हिरवं कार्ड वर केलं. हे सांगत राहिले: ती वळणावर कशी टेकायची, रिकामा ट्रे डोक्यावर धरून कशी उतरायची, एकदा तिने न विचारता ह्यांच्या हत्यारांच्या पेटीवर पाव कसा ठेवला. पावाचं मी साफ विसरले होते.

"ती आजही म्हणते, एका तारेला अख्खा दिवस लावलात. तार मी जेवणाच्या सुट्टीआधीच जोडली होती. लिफ्ट ठणठणीत होती. तरी मी संध्याकाळपर्यंत..."

काटा सातवर आला. पुढचं ऐकायला माझा जीव कासावीस झाला होता. तरी मी लाल कार्ड वर केलं, चांगलं डोक्याच्याही वर.

"...ती बंद का ठेवली, ते तिला घरी सांगतो," असं म्हणून हे खाली बसले.

तोंडात शब्द शिल्लक असताना हा माणूस जन्मात पहिल्यांदा बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रंथपालबाईंनी फळ्यावर पाचवी खूण केली आणि मान आमचा झाला. चष्मेवाल्याने तर मला खुर्चीसकट हलवलं. मला त्या चढउतारांचा संताप आला होता आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदमच.

घरी येईपर्यंत मी ह्यांच्या दोन पावलं पुढेच चालले. इमारतीत शिरल्यावर ह्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. मी जिन्याकडे वळले.

"अगं, लिफ्ट चालू आहे."

"असू दे."

"गुडघे दुखतील तुझे."

"तेव्हाही दुखलेच होते," मी म्हटलं. "चला, सांगा आता. पोपटापासून सुरुवात केलीत तरी चालेल."