पायानं वाजणारा ढोल

सोनईच्या पेठेत अब्दुलभाईचं भोंग्याचं दुकान. लग्न असो, पूजा असो, इलेक्शन असो, भोंगा पाहिजे तर गावानं तिथंच जायचं. बहात्तर सालच्या दिवाळीनंतर त्यानं नगरच्या जुन्या बाजारातून सिनेमाची गाणी म्हणून रेकॉर्डींचा एक गठ्ठा उचलून आणला, आणि त्यात एक निघाली इंग्रजी. अब्दुलभाईनं कपाळावर हात मारला. पण आणलीच आहे तर वाजवून बघू, म्हणून त्यानं पिन टेकवली, आणि समोरच्या कट्ट्यावर बिड्या ओढत बसलेली काकासाहेबांच्या बँडची माणसं ताडकन उठून उभी राहिली.

रज्जाकच्या तर हातातली बिडी खाली पडली. रज्जाक म्हणजे बँडचा साईडवाला. गळ्यात पट्टा, पोटावर छोटा ड्रम, हातात दोन काड्या. तीस-बत्तीस वर्षांचा गडी, काड्या फिरवायला लागला की नवरदेवाला सोडून लोक त्याच्याकडं बघायचे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. नेवाशापासून राहुरीपर्यंत आपल्यासारखा कुणी नाही, असं तो आजवर धरून चालला होता. आणि इथं भोंग्यातनं हे काय येत होतं? पत्र्यावर पोतंभर ज्वारी ओतावी तसा साईड, मधेच छातीत गुद्दा बसावा तसा मोठा ढोल, आणि वरनं झांजांचा खळखळाट. गाणारा काय ओरडत होता ते देवाला ठाऊक, पण वाजवणारे! 

"आयला," मच्छिंद्र झांजवाला म्हणाला, "ही मानसं हायती का कोन?"

रेकॉर्डच्या पाकिटावर फोटो होता. चार गोरे, चौघांचेही केस खांद्यापर्यंत. झालं, त्या दिवसापासून कट्ट्यावर वाद पेटला, की ह्यांच्यातला सगळ्यात मोठा वाजवणारा कोण. आता आमच्याकडं बँड म्हणजे कसा, मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साईड दुसऱ्याच्या, झांज तिसऱ्याच्या हातात. तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं. तीन आवाज, तीन माणसं. दाढीवाला धिप्पाड गडी तो ढोलवाला. काटकुळा तो साईडवाला. सोनेरी केसांचा तो झांजवाला, आणि तोच गातही असणार, कारण झांजवाल्याचं तोंड रिकामंच असतं. मागं झोपाळू तोंड करून उभा असलेला चौथा, तो सामान उचलायला ठेवला असणार. रेकॉर्डीत आणखी एक किंकाळ्या मारणारा आवाज होता, तो कशाचा हे कुणी विचारलंही नाही.

"काटकुळा!" रज्जाक मांडीवर थाप मारून म्हणायचा. "त्याच्या काड्या ऐका जरा. जगात आसा दुसरा न्हाई. बाकीचं निस्ते त्याच्या मागं पळत्यात."

"तुज्या काड्या ऱ्हाऊ दे," छगनमामा म्हणायचा. "ढोल काढ त्यातनं आन् मंग ऐक. फुटानं भाजल्यागत वाजंल."

छगनमामा बँडचा ढोलवाला. पन्नाशी उलटलेली, ढोलाच्या पट्ट्यानं उजवा खांदा कायमचा खाली आलेला. रज्जाकला नवव्या वर्षी काड्या धरायला शिकवल्या त्या ह्याच माणसानं. पण वाद म्हणजे वाद. चहा गार व्हायचा, बायका जेवायला हाका मारून दमायच्या, आणि हे दोघं पाकिटावरच्या फोटोला बोटं लावून एकमेकांच्या अंगावर धावायचे.

हा वाद नुसता करमणुकीचा नव्हता, तेही सांगून टाकतो. त्या साली पाऊस झाला नव्हता, लग्नं निम्म्यावर आली होती, आणि सुपारी द्यायला येणारा पहिलाच शब्द टाकायचा, "माणसं कमी आणा." बँडचे मालक काकासाहेब स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की मार्गशीर्षापासून तालाला तीन माणसं परवडायची नाहीत, एकाला घरी बसावं लागेल. घरी म्हणजे कुठं, ते सगळ्यांना माहीत होतं. दुष्काळी कामावर, खडी फोडायला. आता तो खांदा घेऊन छगनमामा खडी फोडणार होता होय? तेव्हा ढोल मोठा असं तो म्हणायचा, ते पोटाच्या आत कुठंतरी भेदरून म्हणायचा. रज्जाकला हे कळत नव्हतं असं नाही. पण बोलायला लागला की त्याच्या जिभेला हाड नसायचं.

आठवड्यानं कानिफनाथ हवालदार सुट्टीवर गावी आला. नगरला पलटणीच्या बँडात होता तो. कट्ट्यावर वाद रंगलेला. हवालदारानं पाकीट हातात घेतलं, रेकॉर्ड ऐकली, दोघांचं म्हणणं ऐकलं आणि पोट धरून हसायला लागला.

"आरं येड्यांनो, हे तीन न्हाईत. एकच हाय."

"एक काय?"

"वाजवनारा! ढोल, साईड, झांज, समदं एकच मानूस वाजवतो. बसून. मी सोता बघितलंय, सायबांच्या मेसमधी. ह्याला रॉक म्हनत्यात. सायबांची पोरं त्याच्यावर तास तास भांडत्यात, की ह्यात जगात मोठा कोन. एक म्हनतो इंग्लंडचा आमका, एक म्हनतो अमेरिकेचा तमका. आन् तुमी एकाच मानसाचं तीन तुकडं करून भांडताय व्हय!"

"कोनता त्यो?" रज्जाकनं विचारलं.

हवालदारानं बोट ठेवलं ते मागच्या झोपाळू तोंडाच्या गड्यावर.

 अब्दुलभाईनं पिन उचलली. रज्जाक फोटोतल्या त्या सामानवाल्याकडं डोळे फाडून बघत राहिला. आठ दिवस ज्याला आपण हिशेबात धरला नाही, तोच? एकटा? त्याचं डोकं चालेनासं झालं.

"थापा मारू नगा, हवालदार," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही हात काड्यांत गुतल्यावर ढोल कशानं वाजवंल? डोक्यानं?"

"पायानं."

"पायानं?" छगनमामा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ढोलाला पाय लावतो?"

"लावतो म्हंजी, पायानंच ठोके देतो. खाली एक कळ आसती."

छगनमामानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. दसऱ्याला हा माणूस आधी ढोलाला हळदकुंकू लावायचा आणि मग घरच्या देवाला. रज्जाक पोर असताना एकदा चुकून ढोल ओलांडून गेला, तर मामानं त्याच्या अशी कानफटात दिली होती की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता. त्या दिवसापासून रज्जाकचा पाय कधी ढोलाच्या वाऱ्याला गेला नव्हता. आणि तिकडं परमुलखात माणसं ढोलाला लाथा घालतात आणि जग त्यांना मोठं म्हणतं! दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, की हे काही खरं नाही.

पण दुकानाच्या पायरीवर काकासाहेब उभे होते. ते कधी आले कुणाला कळलं नव्हतं.

"एकच मानूस?" काकासाहेब म्हणाले. "तिघांच्या जागी एक?"

रज्जाकनं घाईनं पाकिटावर पंजा ठेवला, पण उशीर झाला होता.

काकासाहेबांनी वेळ घालवला नाही. हवालदाराला लोहाराकडं नेलं, आणि चार दिवसांत कळ तयार झाली. लाकडाची फळी, दाराची स्प्रिंग, आणि कापड गुंडाळलेला टोला. फळी दाबली की टोला जाऊन ढोलावर बसायचा. काकासाहेबांच्या पडवीत छगनमामाचा ढोल कडेवर उभा केला, शेजारी साईड, आणि खुंट्यावर झांज टांगली. सगळ्या बँडला बोलावणं गेलं.

वाटेत रज्जाकनं छगनमामाचा हात धरला होता. "मामा, तुमी घाबरू नगा. मी मुद्दाम चुकीन. न्हाई जमत म्हनून सांगीन. दोनदा चुकलो की मालक नाद सोडतील."

"शपथ?"

"आईची शपथ."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता हे सगळं खरं होतं, बरं का. रज्जाक मनापासून बोलला होता. तो काही खोटा माणूस नव्हता.

"रज्जाक, बस," काकासाहेब म्हणाले.

रज्जाकनं चपला काढल्या, मनातल्या मनात माफी मागितली आणि फळीवर पाय ठेवला. अंगावर सरसरून काटा आला. पहिला ठोका पडला, नुसता धप्प. दुसरा पडला. मग सवयीनं काड्या फिरल्या, आणि काड्यांच्या मागं पाय गेला. चौथ्या ठोक्याला त्याला कळलं की पायाला समजतंय. आठव्या ठोक्याला झांजेवर काडी बसली, बरोब्बर. इथं चुकायचं होतं. इथं नक्की चुकायचं होतं. पण हात थांबेनात, पाय थांबेना, आणि तेवीस वर्षं एका ड्रमवर कोंडून पडलेलं काहीतरी एकदम सुटल्यासारखं झालं. डोळे मिटून त्यानं असं काही वाजवलं की दावणीचे बैल दावं ओढायला लागले.

तो थांबला तेव्हा सगळे तोंडात बोट घालून उभे होते. हवालदारसुद्धा. रज्जाकनं आपल्याच पायाकडं पाहिलं. हा पाय आपला? आईची शपथ घेतलेला माणूस तो मी, की हा?

"ठरलं," काकासाहेब म्हणाले.

"पर मालक," मच्छिंद्रनं चाचरत विचारलं, "वरात चालती असती. हा बसून वाजवनार कसा?"

"गाडा करू. हातगाड्यावर बसवू त्याला. गाडा वढायला एक मानूस लागंल. छगन, तू हाईस. अर्ध्या मजुरीवर. खडीपरीस बरं न्हाई का?"

छगनमामानं मान हलवली. मच्छिंद्रला काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, तो दुसऱ्या दिवशी आपण होऊन खडीवर गेला.

बाहेर आल्यावर रज्जाकनं मामाला गाठलं. "मामा, माजं लई चुकलं."

"कुटं चुकलं?" मामा म्हणाला. "येक ठोका चुकला न्हाईस. चुकायचं सांगून गेल्तास."

पहिली सुपारी घोडेगावची. ऊन कलल्यावर नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला, पुढं बँड, आणि बँडच्या मधोमध गाडा. गाड्यावर रज्जाक, पायाशी ढोल, आणि पुढं दांड्यांच्या मधे छगनमामा, पाठमोरा. बातमी आधीच फुटली होती. माळवदांवर बायका, झाडांवर पोरं. "पायानं वाजवतोय बघा! एकटाच!" म्हातारे काठ्या टेकत गाड्याजवळ येत होते, खाली वाकून कळ बघत होते आणि "आक्रीतच म्हणायचं!" करत मागं सरत होते. एक जण ओरडला, "आसा वाजवनारा जिल्ह्यात झाला न्हाई!" रज्जाकनं ऐकलं. का ऐकणार नाही? त्याच शब्दासाठी तो जन्मभर काड्या फिरवत आला होता. त्यानं लय वाढवली. लोक शिट्ट्या मारायला लागले. त्यानं आणखी वाढवली.

आणि मग त्याचं लक्ष समोर गेलं.

छगनमामाची अनवाणी पावलं ठोक्यावर पडत होती. डावं, उजवं, डावं, उजवं. तीस वर्षं ढोल वाजवलेला माणूस तो, त्याला ठोक्याबाहेर पाऊल टाकताच येत नव्हतं. रज्जाकनं लय वाढवली तशी ती पावलं पळायला लागली होती. सदरा पाठीला चिकटला होता, तो पडका खांदा थरथरत होता, आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आपण काय वाजवत होतो इतका वेळ? आपण ह्या माणसाला बैल हाकावा तसा हाकत होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

रज्जाकचा पाय जागच्या जागी थिजला. काड्या थांबल्या. बँड मधेच लंगडा पडला, काकासाहेबांनी क्लॅरिनेट तोंडात असतानाच मागं वळून डोळे वटारले. गाडा दोन हात पुढं जाऊन अडकल्यासारखा झाला.

"मामा," रज्जाक म्हणाला, "मी उतरतो खाली."

छगनमामानं मागं वळून पाहिलं नाही. त्याला धाप लागली होती. पण आवाजात राग नव्हता, आणि तेच रज्जाकला सोसलं नाही.

"उतरू नगंस. वाजव," तो म्हणाला. "तू वाजवतोस तवर वढलं जातंय रं. थांबलास का गाडा लई जड हुतो."

रज्जाकला भर रस्त्यात, शंभर माणसांसमोर रडू कोसळलं. त्यानं ते पुसलं नाही, हातात काड्या होत्या. त्यानं पाय परत फळीवर दाबला. सावकाश, म्हाताऱ्याला झेपेल तेवढ्याच लयीत. "जोरात! जोरात!" लोक ओरडत होते. नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबून शिव्या द्यायला लागले. रज्जाकनं मारुतीच्या देवळापर्यंत लय वाढवली नाही.

घोडेगावात नंतर बोलणं झालं ते एवढंच, की सोनईचा तो पायवाला सुरुवातीला बरा होता, पण पुढं फार ढिला पडला.