शेपटी बदकाची

“काका, कॉम्प्युटरवर काढून आणलंय.” लेईनं कागद दगडावर पसरला. “देवळातल्या जुन्या शिळांवर आहे ना, तसंच अक्षर. बाबांना तेच आवडायचं.”

बू छ्वाननं हात पुसून पाहिलं. बसकी, रुंद अक्षरं. प्रत्येकात एकाच रेघेला हंसाच्या शेपटीसारखा झोक. नाव ठेवायला जागा नव्हती.

“ठेवून जा,” तो म्हणाला.

डोंगरापलीकडच्या गावांतसुद्धा थडग्यांवर या दोघांचं काम होतं. लेईचे वडील, गोंग मास्तर, दगडावर लाल शाईनं लिहायचे आणि बू छ्वान ते कोरायचा. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. शाळा सुटल्यावर मास्तर येत, तेव्हाच काय ते त्याचं बोलणं होई, आणि तेही बहुतेक रेघांबद्दलच. मास्तर घरी भांडून आले असले की शेपट्या जरा जास्तच वर उडत. बू छ्वान काही न विचारता तशाच कोरी.

हिवाळ्यात मास्तर गेले, आणि आता त्यांच्याच थडग्याचा दगड समोर होता.

लेई कागद ठेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बू छ्वाननं त्यावरची अक्षरं दगडावर उतरवली, छिन्नी लावली, हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. सगळ्या शेपट्या सारख्याच वर गेलेल्या. लिहिणारा रागात होता, खुशीत होता, की नुसता थकलेला, काही कळेना. हात चालेना.

दुपारी त्यानं दगड धुतला आणि स्वतः कुंचला घेतला. जन्मभर त्यानं दुसऱ्याचं अक्षर कोरलं होतं. लिहिलं, धुतलं, पुन्हा लिहिलं. संध्याकाळी लेई आईला घेऊन आला तेव्हा दगडावरची शाई ओली होती.

“काका, हे वाकडं झालंय,” लेई म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“वाकडं झालंय म्हणतील.”

त्याची आई वाकून बघत होती. “‘गोंग’ या अक्षराचं पोट केवढं सुटलंय हो भावजी. आणि ही शेपटी हंसाची कुठली, बदकाची. हे असते तर हसून हसून जेवले नसते.”

“नसतेच जेवले, वहिनी.”

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

“कोरा,” ती म्हणाली.

“आई, अगं...”

“कोरू दे त्यांना.”

वसंतात पितरांच्या सणाला दगड उभा राहिला. नातेवाइकांनी पितरांसाठीच्या खोट्या नोटा जाळल्या, पुऱ्यांसारखी गोड बिस्किटं आणि दारू ठेवली, आणि एकेक करून सगळे डोंगर उतरले. वहिनी मागे थांबली.

“भावजी, तुमच्या दगडावर कोण लिहिणार?”

“माझं नाव पाच रेघांचं, वहिनी. यंत्र करेल.”

खिशातला रुमाल काढून तिनं नाक पुसलं.

“घरी चला जेवायला. पातळ भाकऱ्या केल्यात, कांद्याची पात आहे.”

“तुम्ही व्हा पुढे. आलोच.”

ती वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पलीकडच्या, आपल्या घराकडच्या वाटेनं एकटाच उतरू लागला.