फाटक्या पाळीचा कान

मुंडकीमावशीला जुन्या लाइटमननं महोत्सवाचे दोन पास दिले, तेही मधल्या रांगेचे. लेकीचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. साहजिकच आहे म्हणा! इतकी वर्षं मैत्रिणींना "आई शिवणकाम करते" सांगितल्यावर, आई सूडपटांसाठी रबराची मुंडकी बनवायची हे आता कुठल्या तोंडानं सांगणार? आली ती एकाच अटीवर. "गप्प बसायचं, आई. कुणाला ओळख सांगायची नाही."

मावशीनं शब्द दिला. पण मनात एक सल होताच. अकरा सिनेमांत अकरा मुंडकी उडाली, आणि नामावलीत तिचं नाव एकदाही नाही. मरायच्या आधी एकदा तरी कुणी चारचौघांत म्हणावं, हे हिनं केलंय. बास, एवढंच.

आशियाई कल्ट सिनेमांचा महोत्सव तो. हॉल तरुण पोरापोरींनी खचाखच भरलेला. पडद्यावर विधवेनं कोयता उगारला, गुंडाचं मुंडकं टुणकन उडून पिंपात पडलं आणि रक्ताचं कारंजं थेट छपराला! आता हसतील, मावशीला वाटलं. हसलेच, पण शिट्ट्या मारत, उभं राहून टाळ्या पिटत. शेजारचा चष्मेवाला मित्राला म्हणाला, "खोटं आहे ते दिसतंच रे. पण कुणीतरी जीव ओतून हातानं केलंय, तेही दिसतं ना!"

मावशीचा ऊर भरून आला. साखरेच्या पाकात रंग आणि कोको घालून ते रक्त तिनंच शिजवलं होतं, घरच्या पातेल्यात.

सिनेमा संपला आणि दिग्दर्शक मंचावर आले. केस काळेभोर रंगवलेले, फुशारकी मात्र जुनीच. "मुंडकी? अहो, सगळी मीच करायचो. या हातांनी!"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाबाला साधा फुगा फुगवता यायचा नाही!

चष्मेवाल्यानं हात वर केला. "सर, सगळ्या मुंडक्यांचा डावा कान एकच आहे. बारीकसा, बाईचा, पाळी फाटलेली. आम्ही प्रत्येक सिनेमात तो शोधत बसतो. कुणाचा आहे?"

दिग्दर्शकांनी कपाळ पुसलं. "तो... बाजारातून आणला असेल."

बाजारातून! कानात प्लास्टर जाईल म्हणून एकही नट साच्याला बसेना, तेव्हा मावशीनं एकदाच स्वतःच्या कानाचा साचा काढला होता. मग मिशाळ डाकू असो की टकलू गुंड, सगळ्यांना तोच. कान कोण बघतंय, असं तिला वाटायचं. आणि ही पोरं नेमका कानच बघत होती.

पण शब्द म्हणजे शब्द. मावशी ओठ दाबून बसली. डोळे मात्र ऐकेनात.

शेजारची खुर्ची खाडकन वाजली. लेक उभी राहिली होती.

"बाजारातला नाही तो कान!" ती थेट मंचाकडे बघत म्हणाली. "ती पाळी मी फाडलीय. सात महिन्यांची होते, डूल ओढलं." तिनं वाकून आईच्या कानावरचे केस मागे सारले. "ही माझी आई. अकराच्या अकरा मुंडकी हिनं केलीत!"

अख्खा हॉल उठून मावशीकडे वळला. टाळ्या थांबेनात.

"बारा गं," मावशी ताठ मानेनं म्हणाली. "एक सेन्सॉरनं उडवलं."