ऐंशी चित्रांचा गठ्ठा

मित्रांनो, कोपरे मुडपले म्हणून हसू नका. मी एक जुना चित्रांचा गठ्ठा आहे आणि माझ्या कामात मला तोड नाही! माझे ऐंशी पत्ते रुग्णालयातल्या वाचाबाईंनी स्वतःच्या हाताने रंगवले. रुग्णांचे बोलणे तपासतात, म्हणून सगळे त्यांना वाचाबाई म्हणतात.

फिटचा आजार गोळ्यांना जुमानत नाही, तेव्हा मेंदूचा बिघडलेला तुकडा काढतात. पण बोलणे तिथेच असेल तर? म्हणून आधी मेंदूवर तारा ठेवतात, एकेका जागी किंचित वीज सोडतात आणि जाग्या रुग्णाला माझी चित्रे दाखवतात. नाव अडले, तर ती जागा बोलण्याची, ती राखायची.

एकदा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या ताई आल्या. त्यांना माइकसमोरच फिट यायची.

"फिट जाऊ दे, पण बोलणंच गेलं तर मी काय करू?" त्या म्हणाल्या. त्यांच्या लेकीने त्यांचा हात घट्ट धरला होता.

नव्या डॉक्टरांनी मला हाती घेतले. छत्री, कात्री, शिडी... ताई फटाफट सांगत होत्या. बाराव्या जागी वीज सोडली आणि त्या गप्प झाल्या. डॉक्टरांनी मेंदूच्या नकाशावर त्या जागी लाल फुली मारली.

"इथं भाषा आहे. हा भाग काढता येणार नाही."

बिघाड नेमका तिथेच होता! लेकीचा चेहरा पडला. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण पत्त्यांना बोलता येते थोडेच?

ताई ज्यावर अडल्या, तो पत्ता वाचाबाईंनी उचलला. त्यावर होकायंत्र होते.

"काल वीज न सोडता हे ओळखलं होतं का यांनी?"

"काल घाईत... पत्ते निवडायचे राहिले."

"अहो, न येणारी चित्रं आधीच बाजूला काढायची असतात! ताई, आता वीज बंद आहे. हे काय?"

"कोण जाणे! असलं काही आमच्या घरात नाही बाई."

पुन्हा बारावी जागा, पुन्हा वीज.

"कुलूप. पंखा. बादली."

तीनदा तपासले, तिन्ही वेळा बरोबर. फुली खोडली गेली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा ताईंपुढे आलो. पहिल्या चित्राला त्या थांबल्या.

"चष्मा," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं दाखवा भराभर, गाडी खोळंबलीय!"

लेक हसता हसता रडली. मलाही फार आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, माझे कोपरे सरळ करता येतील, त्याची काळजी नको. पण कुणी उत्तर देताना अडला, तर लगेच फुली मारू नका. त्याला ते कधी ठाऊक होते का, एवढे आधी विचारा.